वेड्याची कथा आणि घराचा हिशेब

अमीनाबादेत झंडेवाला पार्कापासून हाकेच्या अंतरावर, खाली चिकनच्या कापडाचे दुकान आणि वर अडीच खोल्या अशा एका बिऱ्हाडात आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतो. कोणी रेल्वेत, कोणी आयकरात, कोणी टपालखात्यात. बदलीच्या नोकरीने ज्याला जिथे आणून टाकले तिथे त्याने आपली ट्रंक उघडली, इतकाच काय तो आमच्यातील समान धागा. कोणी एखादे पुस्तक वाचून येतो, त्यावर दोन शब्द बोलतो, मग चहा होतो आणि गप्पा कधी पुण्याकडे तर कधी पगाराकडे वळतात. गेल्या श्रावणातील बैठकीचा विषय होता 'मराठी साहित्यातील वेड'. विषय रंगला. एकाने नाटकांतील भ्रमिष्ट नायकांची यादीच सांगितली. दुसऱ्याने प्रतिभा आणि उन्माद यांच्या जवळिकीचा जुना सिद्धान्त मोठ्या तयारीने मांडला. आम्हीही शेक्सपिअरच्या राजा लिअरपर्यंत जाऊन आलो.

चहा घेऊन यजमानांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांना आम्ही सारे वहिनीच म्हणतो. आतल्या खोलीत त्यांचे धाकटे दीर झोपले होते. त्यांचा आजार अठरा वर्षांचा आहे, आणि तेवढ्या वर्षांत या कुटुंबाच्या चार बदल्या झाल्या आहेत. प्रत्येक गावी सामान उतरल्यावर शाळेच्या आधी डॉक्टर शोधावा लागला, हे आम्हांला ठाऊक होते. वहिनींनी कप ठेवता ठेवता विचारले, "सगळ्यांनी वेड्याचं सांगितलंत. पण त्याच्या घरात रात्री दाराला कडी कोण लावतं, ते कुठल्या पुस्तकात आहे का हो?"

प्रश्न साधा होता. आम्हां सहा-सात वाचणाऱ्या माणसांपैकी एकालाही त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. 'वेड' या शब्दाचे मराठीने जितके लाड केले तितके क्वचितच एखाद्या आजाराचे केले असतील. गाण्याचे वेड, क्रिकेटचे वेड, देशाचे वेड, संतांचे देवाचे वेड. प्रेमाने 'वेडी कुठली' असे म्हणणे. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचारातला धूर्तपणा. या सर्वांत वेड हे ऐटीचे, हौसेचे किंवा युक्तीचे लक्षण आहे. जेथे शब्द खऱ्या आजाराजवळ येतो तेथे तो चटकन गावाचे नाव घेतो. आमच्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' म्हणतात. इकडे उत्तरेत आग्रा, बरेली किंवा रांची म्हणतात. नकाशा बदलतो, क्रियापद तेच राहते: पाठवा. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तेथे आजवर असंख्य माणसांवर उपचार झाले आहेत. पण भाषेने त्यांचा उपयोग केला तो थट्टेपुरता. शिवाय ज्या घरातून कोणालाच कोठे पाठवलेले नाही, ज्या घराने आपले माणूस आपल्याजवळ ठेवले आहे, त्या घरासाठी भाषेत एकही वाक्प्रचार नाही. आपल्या देशात तर बहुसंख्य मनोरुग्ण अशाच घरांत राहतात. भाषेतील ही रिकामी जागा साहित्यातही तशीच उतरली आहे काय, हा आमच्यापुढील खरा प्रश्न आहे.

नवल असे की, या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर मराठीत फार पूर्वीच लिहिले गेले आहे आणि ते प्रत्येकाच्या कपाटात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा संसार, धर्मांतर, ताटातूट आणि पुनर्मीलन यांसाठी ती वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. पण ग्रंथाच्या आरंभीची पाने वाचकांनी पुन्हा एकदा उघडावीत. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले ते अखेरपर्यंत सुटले नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठसुद्धा. विटाळाच्या भयाने उठता-बसता घरच्यांना धारेवर धरायचे. आजचा वैद्य या विकाराला दुसरे नाव देईल. लक्ष्मीबाई कोणतेच नाव देत नाहीत. त्या सांगतात ते घर कसे चालत होते हे: पाणी किती भरावे लागे, कोणाला कशाची धास्ती वाटे, कोण कोणाला पाठीशी घालत असे. धुतलेल्या मिठाचे काय होते हे ज्याने स्वयंपाकघर पाहिले आहे त्याला सांगायला नको. एका माणसाच्या मनातील भीतीची किंमत साऱ्या कुटुंबाने रोज, पाण्याच्या हंड्यांनी आणि वाया गेलेल्या जिनसांनी कशी मोजली याचा तो हिशेब आहे.

टीकाकारांनी या पानांतील विनोदाची वाखाणणी केली आहे. विनोद आहेच. परंतु तो कोणाचा विनोद आहे, हे पाहिले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याच्या विनोदात विक्षिप्त माणूस हास्यास्पद होतो. त्या घरात वाढलेल्या मुलीच्या विनोदात परिस्थिती हास्यास्पद होते आणि माणूस वडीलच राहतो. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत वडिलांविषयी द्वेष नाही, आणि त्यांनी केलेल्या जाचावर पांघरूणही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे किती अवघड आहे हे पुढील काळातील साहित्य पाहिले म्हणजे कळते.

पुढील काळातील लेखकांत या विषयाकडे पुनःपुन्हा वळणारे नाव जयवंत दळवी यांचे. 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले 'बॅरिस्टर' हे नाटक मराठी रंगभूमीवर गाजले. घराण्यात वेडाचा वारसा, मोठा वाडा, विलायतेहून शिकून आलेला सुसंस्कृत बॅरिस्टर आणि आपणही त्याच वाटेने जाणार ही त्याच्या मनाला पोखरणारी भीती, अशी ही रचना. भीतीचे असे चित्रण मराठीत दुर्मिळ आहे, यात शंका नाही. तथापि नाटक संपल्यावर प्रेक्षक बॅरिस्टरला बरोबर घेऊन घरी जातो. त्या वाड्यात राबणारी, सारे पाहणारी मावशी नाटकात आहे, लक्षातही राहते. पण तिचे दुःख तिच्या वैधव्याच्या कोंडमाऱ्याशी जोडलेले आहे. वेडाच्या सावलीत चूल पेटती ठेवणारी म्हणून तिच्या मनात काय चालते, हे नाटकाला विचारायला सवड नाही. दळवींचेच 'नातीगोती' हे नाटक याहून जवळ येते. त्यातील मुलगा मतिमंद आहे. मतिमांद्य आणि मानसिक आजार या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण नोकरी, घर आणि मुलगा या तिहेरी ओढाताणीत आईबापांचे परस्परांशी असलेले नातेच कसे झिजते, हे त्या नाटकात रंगमंचाच्या मध्यभागी आहे. 'बॅरिस्टर'मध्ये कड्यावर उभा असलेला माणूस दिसतो; 'नातीगोती'त त्याला धरून ठेवणारे हात दुखू लागलेले दिसतात.

यानंतर उल्लेख करावयाचा तो एका चित्रपटाचा. चित्रपट साहित्याच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या कृतींना साहित्याचा न्याय लावण्यास हरकत नसावी. त्यांचा 'देवराई' २००४ साली आला. कोकणातील देवराईच्या ध्यासात गुरफटलेल्या शेष नावाच्या तरुणाला स्किझोफ्रेनिया जडतो आणि त्याची बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते. तिचा स्वतःचा संसार आहे. भाऊ घरात आल्यावर त्या संसाराच्या प्रत्येक खोलीचा अर्थ बदलतो. भावाच्या मनातील अरण्य या चित्रपटाने सुंदर दाखविले आहे. पण आमच्या दृष्टीने त्याची खरी कमाई म्हणजे बहिणीचा चेहरा. माया, चीड, लाज, अपराधीपणा आणि थकवा एकाच चेहऱ्यावर एकामागून एक येतात, आणि चित्रपट त्यांपैकी कशाबद्दलही तिची कानउघाडणी करीत नाही.

या चित्रपटामागची हकीगत परगावी राहणाऱ्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. त्याला पाठबळ होते ते पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे. ही संस्था १९९७ साली उभी राहिली ती जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने. वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडात कॅल्गरी येथे प्राध्यापक होते. स्वतःच्या घरात या आजाराशी दीर्घकाळ सामना केलेल्या माणसाने हजारो मैलांवरून आपल्या मूळ प्रांतातील अशाच घरांसाठी काहीतरी उभे केले. पुण्यातील अशा स्वमदत गटांत दोन शब्द रूढ झाले आहेत: आजारी माणसासाठी 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्यासाठी 'शुभंकर'. भाषेतील ज्या रिकाम्या जागेबद्दल आम्ही वर तक्रार केली ती भरण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होय, आणि तो साहित्यिकांनी केलेला नाही, त्या घरांतील माणसांनी केला आहे, हे नमूद केले पाहिजे. शब्द गोड आहेत. आमची शंका एवढीच, की 'शुभंकर' या शब्दात शुभ करणाऱ्याचा हात दिसतो, त्याची पाठ दिसत नाही. पण शब्द नसण्यापेक्षा असा शब्द असणे केव्हाही बरे. पाठीचे दुखणे सांगण्याचे काम साहित्याचे आहे.

आता लखनौकडे येऊ. ज्या शहरात आम्ही हा लेख लिहीत आहो त्या शहराजवळ या विषयाची एक मोठी दंतकथा आहे, आणि अमीनाबादेत ती आजही सांगितली जाते. येथील 'दानिश महल' या उर्दू पुस्तकांच्या जुन्या दुकानाचे नाव काढले की जाणकारांच्या बोलण्यात मागील पिढीतले शायर येतात, आणि त्यांत मजाज आल्यावाचून राहत नाही. असरारुल हक मजाज १९११ साली बाराबंकी जिल्ह्यातील रुदौलीस जन्मला. वडील सरकारी नोकर. त्यांची बदली झाली तसा मुलगा लखनौहून आग्र्याला गेला. पुढे अलीगढ, दिल्ली, नभोवाणीची नोकरी, 'आवारा' या कवितेने मिळालेली अफाट लोकप्रियता. आणि मग दारू, व एकामागून एक तीन वेळा मनाचा तोल ढळणे. १९५२ साली त्याला रांचीच्या रुग्णालयात ठेवावे लागले. १९५५ च्या डिसेंबरात लखनौच्या कडाक्याच्या थंडीत एका मद्यालयाच्या गच्चीवर त्याचे सोबती त्याला सोडून गेले, आणि ५ डिसेंबरला रुग्णालयात त्याचा अंत झाला.

दंतकथा येथे संपते. शहराला आठवतात ते त्याचे विनोद, त्याचा आवाज, त्याच्यावर भाळलेल्या मुली आणि ती गच्ची. परंतु पहिल्या आघातापासून त्या शेवटच्या रात्रीपर्यंतची पंधरा-एक वर्षे हा माणूस कोठे तरी राहत होता, जेवत होता, रात्री उशिरा कोणाचे तरी दार ठोठावत होता. ते दार आईबापांचे आणि भावंडांचे होते. त्याची धाकटी बहीण हमीदा सालिम यांनी त्याच्याविषयी लिहिलेल्या लेखाचे नाव आहे 'जग्गन भैया'. घरातले त्याला जग्गन म्हणत, कारण लहानपणी हा मुलगा रात्री झोपतच नसे, जागा राही. आम्हांला हे टोपणनाव फार अर्थपूर्ण वाटते. ज्या घरात मूल रात्री जागते त्या घरात आई झोपलेली नसते. शहराने मजाजच्या रात्रींची कविता केली. त्याच रात्री जागणाऱ्या घराची नोंद एका टोपणनावात राहिली, आणि ती जपली बहिणीने. दंतकथा शायराला शहराच्या हवाली करते. बहिणीचा लेख त्याला पुन्हा घरात आणून बसवतो.

१९५२ सालीच रांचीच्या रुग्णालयात आणखी एक कवी आणला गेला होता: बंगालचा काझी नझरुल इस्लाम. १९४२ पासून त्याची वाणी आणि स्मृती हळूहळू नाहीशी झाली. त्याच्या विद्रोही कवितेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्याची पत्नी प्रमिला कमरेखाली पक्षाघाताने पांगळी झालेली होती; तशा स्थितीत, अंथरुणात राहून, तिने त्या निःशब्द माणसाचे खाणेपिणे सांभाळले. तिचा मृत्यू १९६२ साली झाला. म्हणजे ही वीस वर्षे झाली. वीस वर्षांत सुमारे सात हजार तीनशे दिवस येतात. हा आकडा आम्ही मुद्दाम मांडला, कारण साहित्याची खरी अडचण याच आकड्यात आहे.

ती अडचण अशी. वेड्याच्या कथेला उत्कर्षबिंदू असतो. तोल ढळण्याचा क्षण, किंकाळी, आगगाडी, रुग्णालयाचे फाटक: नाटककाराला जे हवे ते सर्व तेथे आयते मिळते. काळजी वाहणाऱ्याच्या कथेत उत्कर्षबिंदू नसतो. तेथे पुनरावृत्ती असते. आज गोळी घेतली का, काल घेतली का, उद्या घेईल का. करुणरस हा दोन-अडीच तासांत पिकणारा आणि ओसरणारा रस आहे. सात हजार दिवस तो टिकत नाही. त्याची जागा कंटाळा घेतो, आणि कंटाळ्याला आमच्या रसव्यवस्थेत स्थान नाही. म्हणूनच या विषयावरील उत्तम लेखन नाटकापेक्षा आठवणींत सापडते, आणि नावाजलेल्या साहित्यिकांपेक्षा घरातल्या बायकांच्या हातून झालेले आढळते. लक्ष्मीबाईंचे शिक्षण जेमतेम. हमीदा सालिम अर्थशास्त्राच्या अभ्यासक. दोघींनाही उत्कर्षबिंदूचा मोह नव्हता. त्यांना माणूस आठवायचा होता, आणि माणूस आठवताना घर आठवत गेले.

साहित्याने जे केले नाही ते काही अंशी वैद्यकाने केले आहे, हेही सांगितले पाहिजे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात गर्दी मावेना तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला बोलावले. नातेवाईक आजार समजू लागले, एकमेकांशी बोलू लागले. रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले. पुढे १९८१ साली बंगळूरच्या शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी मनोरुग्णाच्या कुटुंबावरील भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे सहा विभाग आहेत: पैसा, घराचा रोजचा क्रम, विरंगुळा, घरातील माणसांचे परस्परांशी वागणे, इतरांचे शरीरस्वास्थ्य आणि इतरांचे मनःस्वास्थ्य. शास्त्रज्ञांनी हे विभाग मोजमापासाठी केले; पण आम्हांला ते कादंबरीच्या सहा प्रकरणांची नावे वाटतात. आमच्या मित्राच्या बिऱ्हाडाला ते लावून पाहा. पैसा: अमीनाबादच्या औषधबाजारातून दरमहा आणावयाच्या गोळ्या आणि त्यासाठी मोडलेली ठेव. रोजचा क्रम: घर कधीही सर्वांनी मिळून सोडायचे नाही. विरंगुळा: अठरा वर्षांत दोघे एकत्र लग्नाला गेलेले नाहीत. परस्परांशी वागणे: 'तुझा भाऊ' आणि 'आपला भाऊ' या दोन शब्दप्रयोगांमधील अंतर. वहिनींचे रक्तदाबाचे दुखणे आणि दहावीतल्या मुलीचे मित्रमैत्रिणींना घरी न बोलावणे हे शेवटचे दोन विभाग. यात एकही किंकाळी नाही. तरी यापेक्षा मोठी कथा अमीनाबादेत त्या दिवशी कोणती होती, हे आम्हांला सांगता येणार नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आमच्या बैठकीतील एका स्नेह्यांनी तो पुढच्या वेळी घेतला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही घरच्यांच्या ओझ्याचा असा हिशेब मांडत बसलात तर आजारी माणूस हे ओझे ठरेल. आधीच त्याला जगात जागा नाही; आता साहित्यातही तो खर्चाच्या बाजूला जाणार का?" आक्षेप वजनदार आहे. आजारी माणसाला त्याचा मान आहे, त्याचे मन आहे, त्याचे हक्कही आहेत. १९१२ च्या ल्युनसी अॅक्टपासून १९८७ चा आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत देशाला हे शब्दांत आणायला शंभर वर्षे लागली. तो मान हिरावून घेणारे लेखन आम्हांस नको आहे. पण ओझे माणसाचे नसते. ते आजाराचे असते, आणि त्याहून अधिक एकटेपणाचे असते. चार खांद्यांवर वाहायचे ते एकाच खांद्यावर पडले म्हणजे खांदा मोडतो आणि मग राग आजारी माणसावर निघतो. हिशेब लिहिला नाही म्हणून तो राग नाहीसा होत नाही. तो फक्त दाराआड जातो. लक्ष्मीबाईंनी वडिलांचा जाच लिहिला म्हणून वडील लहान झाले नाहीत. न लिहिते तर ते आपल्याला माहीतही झाले नसते.

आमच्या मते खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो आमच्या आवडत्या एका शब्दात आहे: त्याग. असे घर दिसले की आमचा मराठी मध्यमवर्ग हात जोडतो. 'धन्य आहे हो त्या माउलीची.' हे म्हणताना आपण काही दिले असे वाटते आणि प्रत्यक्षात काहीच द्यावे लागत नाही. आमच्या कथा-कादंबऱ्यांनीही हेच केले. काळजी वाहणारी स्त्री आली की लेखक तिला देव्हाऱ्यात बसवतो. देव्हाऱ्यातील मूर्तीला चिडण्याचा अधिकार नसतो, कंटाळण्याचा नसतो, 'आता याला दुसऱ्या कोणी न्या' असे म्हणण्याचा तर नसतोच. ज्या क्षणी तिच्या मनात तसा विचार येतो त्या क्षणी ती स्वतःच्या नजरेत पतित होते. म्हणजे साहित्याने तिच्या भारात आपल्याकडून एक शेर भर घातली. एखाद्या कृतीत काळजी वाहणारे माणूस चिडू शकते काय, हसू शकते काय, आणि तरीही चांगले राहू शकते काय, ही कसोटी आम्ही या प्रकारच्या लेखनाला लावू. 'स्मृतिचित्रे' तीत उतरतात, 'देवराई' उतरतो, 'नातीगोती' बरेचसे उतरते. पुष्कळ लोकप्रिय लेखन उतरत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, कारण हे मासिक जे वाचतात ते बहुतेक बदलीच्या नोकरीतले आहेत. मराठी घरांत अशा आजारी भावाची किंवा बहिणीची वाटणी कशी होते हे आपण सारे जाणतो. जो परगावी नोकरीला, तो पैसे पाठवतो. जो गावी राहिला, तो जागतो. पूर्वी मनिऑर्डरीच्या पावतीवर सही येत असे. आता पैसे क्षणात जातात आणि सहीसुद्धा येत नाही. आम्ही पैसे पाठवणाऱ्यांना कमी लेखत नाही. आमच्यापैकी कित्येक तेच करतात. पण गावी गेल्यावर जागणाऱ्याला 'तुझं बरंय, तू घरीच असतोस' असे म्हणणारे आपणच असतो. एक आठवडा त्याला सुटी देऊन आपण त्या खोलीबाहेर झोपलो आहोत, असे किती जणांच्या बाबतीत घडले, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला, आणि उत्तराने आम्हांस संकोच वाटला.

या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने ऑक्टोबर २०१८ मध्ये एक परिपत्रक काढले. ज्या कर्मचाऱ्यावर अपंगत्व असलेला मुलगा, मुलगी, आईवडील, पती, पत्नी, भाऊ किंवा बहीण यांची मुख्य काळजी आहे, त्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता यावी, अशी त्यात तरतूद आहे. आणि २०१६ च्या कायद्याने मानसिक आजारही अपंगत्वाच्या यादीत घेतला आहे. आमच्या मित्राने हे परिपत्रक तिसऱ्या बदलीनंतर पाहिले. परिपत्रकाची भाषा कशी असते हे या वाचकांना आम्ही काय सांगावे! तरी त्या रूक्ष मजकुरात भाऊ आणि बहीण हे शब्द आहेत, आणि त्यांची काळजी घेणाऱ्याला नाव आहे. सरकारी टाचणीने जे टोचून ठेवले ते आमच्या कथालेखकाच्या नजरेतून इतकी वर्षे निसटले, याचे आम्हांला टीकाकार म्हणून वाईट वाटते, आणि सरकारी नोकर म्हणून थोडा आनंदही होतो.

मग वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर काय? कडी कोण लावते हे थोड्याच पुस्तकांत आहे. जेथे आहे तेथे ते बहुधा घरातल्याच कोणी, बऱ्याच उशिरा आणि स्वतःला लेखक न समजता लिहिले आहे. म्हणून आमची विनंती लेखकांना नाही. ती अशा घरांतील वाचकांना आहे. तुमच्याकडे रोजचा जमाखर्च लिहिण्याची वही असेल. तिच्यात दुधाच्या आणि औषधाच्या आकड्यांखाली दोन ओळी लिहाव्यात: आज काय झाले, कोण जागले, कशाने हसू आले, कशाने जीव उबगला. त्यागाचे नाव त्यात येऊ देऊ नये. तारीख मात्र घालावी.

हा लेख पाठविण्यापूर्वी आम्ही तो अमीनाबादेतील त्या बिऱ्हाडी वाचून दाखविला. त्यांचा आणि घराचा उल्लेख ठेवू का, असे विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "नाव तेवढं घालू नका. बाकी ठेवा." दीर दाराशी उभे राहून सारे ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "मजाजची ती बहीण अजून आहे का?" त्या २०१५ साली गेल्या, असे आम्ही सांगितले. ते थोडा वेळ उभे राहिले आणि मग आत जाऊन स्वतःच्या खोलीची खिडकी लावून आले. त्या रात्री दाराला कडी कोणी लावली हे आम्ही पाहिले नाही. जिना उतरून गल्लीत येईपर्यंत वरचा दिवा जळत होता.